बाईंचं पाव्हणं

कोल्हापुरात परदेशी माणूस दिसतच नाही असं नाही. दिसतो, पण गाडीच्या काचेआड. गोव्याहून किंवा पुण्याहून येतो, अंबाबाई, न्यू पॅलेस, रंकाळा असं उरकतो आणि दिवस मावळायच्या आत पुढच्या मुक्कामाला लागतो. मंगळवार पेठेच्या बोळातून, बरोबर गाईड नाही, गळ्यात कॅमेरा नाही, अशी जवळजवळ सहा फुटी, तांबड्या केसांची बाई रमतगमत चालत निघाली की गल्लीचं काय होतं, ते मी गेल्या थंडीत पाहिलं. तिच्याबरोबर चालत मीच होते.

ती माझ्या भाचीची मैत्रीण. भाची इटलीत तुरिनला आर्किटेक्चर शिकते. दोघी एकदा फ्लॉरेन्सला गेल्या होत्या. तिथं शहराबाहेर आर्नो नदीवर एक मोठा पूल आहे, त्याला सगळे ‘इंडियानो’ म्हणतात. हा इंडियानो कोण, हे मैत्रिणीला माहीत नव्हतं. तो पूल ओलांडणाऱ्या बहुतेकांना नसणार. भाचीला मात्र माहीत होतं, कारण ती कोल्हापूरची. पुलाजवळच्या कॅशिने बागेत आमच्या, म्हणजे कोल्हापूरच्या गादीवरच्या राजाराम महाराजांची छत्री आहे. १८७० साली ते युरोप पाहायला गेले, इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीला भेटले आणि परत येताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडून ३० नोव्हेंबरला वारले. वय वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, परवानगी काढून, त्यांना अग्नी दिला. तिथंच १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. तिचा आराखडा करणारा चार्ल्स मँट हाच पुढे आमच्या न्यू पॅलेसचा आर्किटेक्ट.

छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे, डोक्याला पगडी. तो बघून ही मुलगी म्हणाली, हा पोरगा जिथून निघाला ते गाव मला बघायचंय. बोलून विसरणाऱ्यांतली ती नव्हती.

येण्याआधीच तिने कळवलं होतं, गाडी नको, रिक्षा नको, चालायचं. शहर पायानेच कळतं असं त्यांना कॉलेजात शिकवतात म्हणे. माझी काही हरकत नव्हती. महापालिकेच्या शाळेत आयुष्य गेलं, गुडघे अजून शाबूत आहेत. फक्त एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. मी कोल्हापुरात जन्मले, इथंच नांदले, पण विनाकामाची या शहरात मी कधी चाललेली नव्हते. शाळेला, बाजाराला, दवाखान्याला, बारशाला, दर मंगळवारी देवळात, असं चालले. नुसतीच बघत बघत, जिथं वाट नेईल तिथं, असं कधीच नाही. माझ्या ओळखीच्या एकाही बाईने असं केल्याचं आठवत नाही.

पहिल्या सकाळी घरातून मिरजकर तिकटी आणि तिथून बिंदू चौकाकडे निघालो. रमतगमत गेलं तरी लांबचं अंतर नव्हे. पण आमचं घोडं पुढे सरकेना. प्रत्येक रिक्षा थांबायची, ‘मावशी, कुठं सोडू?’ नको म्हटलं की रिक्षावाला तिच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि रिक्षा पुढे घेऊन परत मागे वळून बघायचा. दारात तांदूळ निवडत बसलेल्या बायका सूप मांडीवर तसंच ठेवून बघत राहायच्या. पोरं तर मागूनच चालत होती. फूटपाथ नावाचा प्रकार आमच्याकडे बहुतेक जागी कागदावर असल्याने आम्ही रस्त्यावरून चाललेलो, त्यामुळे बघता बघता दुचाकीवाले ब्रेक मारायचे आणि त्यांच्या मागचे त्यांना शिव्या घालायचे.

प्रश्न ठरलेले होते, त्यांचा क्रमही ठरलेला. कुठल्या? कुणाकडं आल्यात? कशाला आल्यात? पहिल्याचं उत्तर सोपं. दुसऱ्याचंही सोपं, मी समोर उभीच होते. अडायचं तिसऱ्याला. ‘शहर बघायला’ हे उत्तर कुणाला पटत नव्हतं. ‘अंबाबाई केली का? मग झालं की. हितं काय हाय बघायला?’ शिवाजी पेठेतल्या एका आजीबाईंनी तर सरळ विचारलं, ‘ह्यास्नी काम न्हाई व्हय काय?’

बिंदू चौकात मात्र तिला भरपूर बघायला होतं. तिथं महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे आहेत, ९ डिसेंबर १९५० ला बसवलेले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. ती पुतळ्यांभोवती फिरली, जुन्या तटबंदीचे दगड बघितले, वहीत रेघा ओढल्या. ती वही बघायला जी गर्दी जमली, तिच्यात एक ट्रॅफिक पोलिसही होता. तो दाटीवाटीत पुढे सरकला, चित्र नीट बघितलं, ‘चांगलं आलंय’ म्हणाला आणि मग शिट्टी वाजवून बाकीच्यांना हाकललं.

संध्याकाळी मी तिला विचारलं, त्रास होतो का गं? ती म्हणाली, तिकडे कुणी टक लावून बघत असलं आणि आपण त्याच्याकडे बघितलं की तो नजर वळवतो. इथं वळवत नाहीत. पण मी हसले की लगेच बोलायला येतात. हे बरं की ते बरं, ते तिला अजून ठरवता येत नव्हतं.

त्यावर तोडगा निघाला तो अपघातानेच. कपिलतीर्थ मंडईत मी भाजी घेतली, खांदा दुखायला लागला म्हणून पिशवी तिच्याकडे दिली. वर मेथीची जुडी डोकावत होती, खाली वांगी, बटाटे. मंडईतून बाहेर पडलो आणि थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की रिक्षा थांबत नाहीत. बायका बघत होत्या, पण सूप हलत होतं. ताराबाई रोडला एक बाई चालता चालता तिच्याशेजारी आली, जुडीला हात लावून बघितला आणि विचारलं, ‘मेथी काय भावानं घेतली ओ?’ इटलीला कळलं नाही. मी सांगितलं. ‘म्हाग दिली,’ असं म्हणून ती बाई पुढे निघून गेली. केस कसे असे, उंची एवढी कशी, गाव कुठलं, काही नाही. मेथी महाग पडली एवढंच.

(‘इटली’ हे नाव आमच्या बोळातल्या पोरांनी ठेवलं. तिचं खरं नाव त्यांच्या जिभेवर बसेना. ‘अय इटली, येतीस का खेळायला?’ अशी हाक आली की ती वर बघायची.)

त्या दिवसापासून घरातून निघताना ती आपणहून पिशवी मागून घ्यायची. भाजी नसली तर मी दोन नारळ नाहीतर जुनी वर्तमानपत्रं घालून द्यायचे. हसू नका, फरक पडायचा. मला वाटतं, आमच्याकडे माणसं बघतात ती गोऱ्या कातडीकडे कमी आणि रिकाम्या हाताकडे जास्त. बाई रस्त्यावर आहे म्हणजे ती कुठून तरी निघालीय आणि कुठं तरी पोचायचीय. दोन्ही टोकं दिसली की लोक आपापल्या कामाला लागतात. न दिसली तर शोधत बसतात. हे परदेशी बाईलाच लागू आहे असंही नाही. मी एकटी, पिशवीशिवाय, दुपारी तीन वाजता गंगावेशीत उभी राहिले तरी दोघीतिघी विचारतील, ‘बाई, कुणाची वाट बघताय?’

याला अपवाद एकच, रंकाळा. सकाळी साडेसहाला तिथं अर्धं कोल्हापूर बूट घालून चालत असतं. कुणाला साखर, कुणाला गुडघे, कुणाला नुसत्याच गप्पा. तिथं बिनकामाचं चालणं हेच काम असल्यामुळे इटलीकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. पदपथाने गोल फिरताना ती वेगात पुढे गेली, मी मागे राहिले, तर एका निवृत्त गृहस्थांनी मला एवढंच सांगितलं, ‘त्या बाईंचा पाय बघा कसा पडतोय, टाच आधी. तसं चाला.’

माझ्या नोकरीचा फायदा मला त्या दिवसांत झाला तेवढा नोकरीत असताना झाला नव्हता. माझ्या हाताखालून गेलेली पोरं शहरभर पसरलेली आहेत. कुणी गजरे विकतो, कुणी गुजरीत सोनाराकडे आहे, कुणी कॉर्पोरेशनमध्ये, एक तर तुरुंगाच्या दारावर शिपाई आहे. ‘बाई, नमस्कार’ अशी हाक आली की आमच्याभोवतीचा घोळका आपोआप पांगायचा. ‘बाईंचं पाव्हणं हाय’ हे वाक्य आमच्या पुढे पुढे पळायचं. आम्ही पापाच्या तिकटीला पोचायच्या आत तिथल्या चहावाल्याला कळलेलं असायचं. त्याने पैसे घेतले नाहीत. कुणीच घेत नव्हतं, आणि याचं तिला फार अवघड व्हायचं. मी तिला सांगितलं, घे, तू त्यांच्याकडचा चहा पिऊन गेलीस हे ते महिनाभर सांगतील, त्यात वसूल होतं.

पण सगळंच असं गोड नव्हतं, तेही सांगायला हवं. महाद्वार रोडला संध्याकाळच्या गर्दीत एकाने तिला मुद्दाम धक्का देऊन हात लावला. तिने त्याचं मनगट धरलं ते सोडलंच नाही, आणि इटालियनमध्ये असं काही ओरडली की अर्थ कळायची गरज पडली नाही. पुढचं काम शेजारच्या गजरेवालीने केलं. तिने परडी बाजूला ठेवली, उठली आणि त्या माणसाच्या कानाखाली वाजवली. मग आणखी दोघी आल्या. तो कसाबसा सुटून पळाला. इटलीचे हात थरथरत होते. म्हणाली, तुरिनच्या मेट्रोतही होतं हे, पण तिथं आजूबाजूचे लोक खिडकीतून बाहेर बघतात. मला त्याने बरं वाटलं नाही. आमच्या पाहुणचाराचे गोडवे गाणाऱ्यांनी हा माणूसही याच शहराचा आहे हे मोजायला हवं. आणि ती गजरेवालीही.

मोबाईलवाल्या पोरांचं वेगळं. लहान मुलं फोटो मागायची, ती आनंदाने उभी राहायची. बायकाही ‘आमच्या पोरीसंगट एक काढू द्या’ म्हणायच्या, तेही ठीक. पण दोघं जण गाडीवरून मागे मागे यायचे, एक गाडी चालवायचा, दुसरा रील काढायचा. न विचारता, तोंड वेडंवाकडं करत. तेव्हा मी शाळेतला आवाज काढायचे, ‘कुठल्या शाळेत होतास रे?’ बाकी कुठल्याही दटावणीपेक्षा हा प्रश्न जोरात बसतो, माहीत नसेल तर करून बघा. गाडी वळून परत जायची. एकाने तर उत्तरही दिलं, शाळेचं नाव, वर्ष, वर्गशिक्षिकेचं आडनाव. मी म्हटलं, त्यांना सांगते मी. पोरगा रडवेला झाला, समोर बसून व्हिडिओ पुसला.

टाऊन हॉलच्या म्युझियमला गेलो त्या दिवशी कुठल्याशा गावाकडच्या शाळेची सहल आली होती. निळे शर्ट, खाकी चड्ड्या, तेल लावून चापून बसवलेले केस. १८७० च्या दशकातली ती दगडी, टोकदार मनोऱ्यांची इमारत, तिचाही आराखडा मँटचाच. आत एका कपाटात पोसायडनची ब्राँझची मूर्ती आहे, ग्रीक-रोमन समुद्रदेव. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा रोमन धाटणीच्या भांड्यांबरोबर ती सापडली. सातवाहनांच्या काळात समुद्रापलीकडच्या व्यापारातून आलेली. पुराणवस्तूंच्या अभ्यासकांत तिचा मोठा बोलबाला आहे. इटली तिच्यासमोर उभी राहिली, काचेला नाक लावून. आणि सहलीची सगळी रांग मूर्तीकडे पाठ करून इटलीसमोर उभी राहिली.

त्यांचे गुरुजी बिचारे ‘इकडं बघा, इकडं बघा’ करत होते. माझ्यातली बाई गप्प बसेना. मी पोरांना म्हटलं, ही बाई जिकडून आली ना, ही मूर्ती पण साधारण तिकडूनच आली, दोन हजार वर्षांपूर्वी. चाळीस माना एकदम मूर्तीकडे वळल्या. मग परत इटलीकडे. मग मूर्तीकडे. साम्य शोधत असावेत.

‘कशानं आली?’ एकाने विचारलं.

‘जहाजानं. मग घाट चढून, बैलांवरनं.’

‘आणि ह्या?’

‘विमानानं.’

पुढच्या रांगेत एक बारकी मुलगी होती, रिबिनी घातलेली. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, ‘मूर्ती कुणाकडं आली हुती?’

मी इतकी वर्षं शिकवलं, असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. ब्रह्मपुरीवर राहणारा कुणी व्यापारी असेल, श्रीमंत असेल, त्याच्या घरी आली असेल, असं काहीतरी मी सांगितलं. मुलीचं समाधान झालेलं दिसलं. मी इटलीला प्रश्न समजावून सांगितला, तर ती बाहेरच्या बागेतल्या बाकावर बसून बराच वेळ वहीत लिहीत होती.

खासबागेत तिची फजिती झाली. कुस्तीचं हे मैदान शाहू महाराजांनी बांधलं, १९१२ साली सुरू झालं. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते विलायतेला गेले, त्या दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहिलं आणि तसं आपल्याकडे हवं असं मनात घेतलं, ही गोष्ट कोल्हापुरात पोराटोरांना माहीत आहे. मधे लाल मातीचा हौदा, भोवती गोल चढत गेलेला उतार, मधे खांब नाही की आडोसा नाही. कुठंही बसा, लांग बांधलेली दिसते. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं, तेव्हा इकडच्या बाजूलाही झळ लागली होती. आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारे वस्ताद उन्हाला बसले होते. फेटा, कान मोडलेले, काठी आडवी मांडीवर. मी ओळख करून दिली. त्यांनी तिला नखशिखांत बघितलं आणि म्हणाले, ‘हिचं हाडपेर चांगलंय.’ मग, ‘ह्यो आखाडा तुमच्याकडचं बघूनच बांधलाय. तुमचं मोठं का आमचं?’

तिला तर उत्तरच देता येईना. कलोसियम तिने आतून पाहिलेलंच नव्हतं. तुरिनहून रोम लांब, गेली तेव्हा रांग फार मोठी होती, म्हणून बाहेरूनच परतली होती.

हे मी मराठीत सांगितलं तेव्हा वस्तादांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ‘म्हंजे सोत्ताच्या गावचं न्हाई बघितलं आन् हितं आली व्हय? आधी ते बघून यायचं, मग हे.’ तरी त्यांनी तिला हौद्याच्या कडेला नेलं, चप्पल काढायला लावली, चिमूटभर माती कपाळाला लावली. या मातीत हळद, तेल, ताक, लिंबू काय काय पडतं ते मला सांगितलं आणि मी तिला सांगितलं. ती माती हुंगून बघत राहिली.

फुटबॉलमुळे मात्र तिची पत वाढली. बाहेरच्यांना कोल्हापूर म्हटलं की कुस्ती आठवते, पण पेठांचं रक्त उसळतं ते फुटबॉलला. भिंतीवर ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे रंगवलेले असतात, तालमींचे संघ असतात, शाहू स्टेडियमवर सामना असला की घरातला पुरुष जेवायला नसतो. तालमीच्या कट्ट्यावरच्या पोरांनी तिला गाठलंच. ‘इटली काय? २०१८ च्या वर्ल्डकपला न्हाई, २०२२ ला न्हाई. झालं काय तुमास्नी?’ तिने कपाळाला हात लावला. पोरं खूश. मग निघालं की ती तुरिनमधल्या तोरिनो संघाची, युव्हेंटसची नव्हे. एकाच शहरात दोन संघ, एक श्रीमंत, चषकांनी भरलेला, दुसरा जुन्या माणसांच्या काळजातला. १९४९ मध्ये तोरिनोचा सगळा संघ विमान अपघातात गेला, तेव्हापासून त्या संघाला पाठिंबा देणं हा घराण्याचा वसा असल्यासारखं असतं, असं ती सांगत होती. पोरांना यातलं काही समजावून द्यावं लागलं नाही. ‘म्हंजे पाटाकडील आणि दिलबहार,’ एकाने आमच्या दोन तालमींची नावं घेतली. त्यातलं युव्हेंटस कोण आणि तोरिनो कोण यावरून लगेच दोन तट पडले, आम्ही निघालो तरी त्यांचं चाललंच होतं.

गंगावेशीला रात्री दुधाचा कट्टा भरतो. रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या, गिऱ्हाईक समोर उभं, धार काढून ग्लासात फेसासकट हातात. मी नको नको म्हणत होते, कच्चं दूध, परदेशी पोट. तिने ग्लास घेतला, मिशा उमटेपर्यंत प्यायली आणि अजून एक मागितला. तिचे आजोबा डोंगरात गाई पाळायचे. तिला काही झालं नाही. म्हैसवाला म्हणाला, ‘बाई, हिला ठिवून घ्या.’

किरणोत्सव तिच्या मुक्कामात आला. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीला, मावळतीचे किरण महाद्वारातून थेट अंबाबाईच्या गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायाला, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर, असं धरलं जातं. ढग आले, धूळ असली, की हुकतं. त्या संध्याकाळी देवळात मुंगीला वाट नव्हती. रांगेत आमच्या पुढच्या बाईने तिला कुंकू लावलं, मागच्या बाईने ओढणी नीट करून दिली. आर्किटेक्ट असल्याने तिला किरणांच्या कोनाचं भारी कौतुक. पश्चिमेचा दरवाजा, उंबरे, गाभारा एका रेषेत कसे धरले असतील, हातवारे करून मला समजावत होती. आतले दिवे मालवले, फरशीवरून तो सोनेरी पट्टा पुढे पुढे सरकायला लागला आणि सगळ्या माना तिकडे वळल्या. ती आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या आजूबाजूला शेकडो माणसं होती आणि एकही तिच्याकडे बघत नव्हतं. बाहेर आल्यावर किरण नक्की कुठवर पोचले यावर दोन गटांत वाद सुरू होता. त्यातल्या एकाने तिलाच पंच नेमलं, ‘ह्या उंच हायत, ह्यास्नी नीट दिसलं असंल.’

चपलेची गोष्ट शेवटी राहिली. जून २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीच्या मिलानमधल्या फॅशन शोत अगदी कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि कोल्हापूरचं नाव कुठंच नव्हतं. मोठा गदारोळ झाला, कंपनीने मग प्रेरणा भारतीय चपलेची असल्याचं मान्य केलं, जुलैत त्यांची माणसं इकडे येऊनही गेली. २०१९ पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, त्यामुळे लोकांना राग येण्यासारखंच होतं. अशात चप्पल लाईनीत इटलीची बाई शिरली. ‘इटली’ शब्द ऐकताच एका दुकानातून दुसऱ्यात हाका गेल्या. ‘प्राडाची माणसं आली रं!’ मी आर्किटेक्ट, आर्किटेक्ट म्हणत राहिले, ऐकतंय कोण. प्रत्येकजण आपला सगळ्यात चांगला जोड काढून पुढे करत होता. कापशी, कानवाली, वेणी घातलेली, करकर वाजणारी. एक म्हातारे चेष्टेने म्हणाले, ‘फोटो काढू नका ताई, तिकडं जाऊन छापशीला.’

पण बायकांच्या मापात तिच्या पायाला येईल असा जोड एकाही दुकानात नव्हता, आणि पुरुषांचा तिला नको होता. मग सुभाषनगरात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो, तो कारागीर आहे. त्याने जमिनीवर कागद ठेवला, तिला त्यावर उभं केलं आणि पेन्सिल पावलाच्या कडेने फिरवली. मग दोरीने पंज्याचा घेर घेतला, अंगठ्याची जाडी घेतली, कागदावर आकडे टाकले. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं तिच्या हातात दिलं. खिळा एकही नाही, शिलाई चामड्याच्याच वादीने, हे उलटं करून दाखवलं. तिने त्याच्या हत्यारांची चित्रं काढली, तो मान वाकडी करून बघत राहिला आणि रापीचा दांडा चुकलाय म्हणून तिच्याकडून दुरुस्त करून घेतला. किंमत सांगितली अठराशे. घासाघीस करायची नाही, असं मी आधीच बजावलं होतं. तिने केलीही नाही. जोड काही तिच्या मुक्कामात होणारा नव्हता. महालक्ष्मी एक्स्प्रेसला बसवून दिलं तेव्हा तिच्या खांद्यावर मेथीच्या डागांची माझी पिशवी होती. मागितली नाही, घेऊनच गेली.

चपला झाल्यावर मी पोस्टात गेले. परदेशी पार्सलसाठी फॉर्म भरावा लागतो, आत काय आहे, वजन किती, किंमत किती. काउंटरवरच्या मुलीने वाचलं, ‘कोल्हापुरी चप्पल, एक जोड, तुरिन, इटली.’ मान वर करून माझ्याकडे बघितलं. शेजारच्या काउंटरवरच्यालाही वाचून दाखवलं. मग किंमतीच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘बाई, अठराशे काय लिवताय? तिकडं लाखाला जात्यात म्हणं. बघून लिवा.’

मी अठराशेच ठेवले. तिने शिक्का मारला आणि विचारलं, ‘तुमच्याकडं आल्या हुत्या त्याच न्हवं? मेथी घिऊन फिरायच्या त्या?’